व्हायोला वाजवणारे कुठे राहतात?

मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीची धून मराठी माणसाला अनोळखी नाही. सलिल चौधरींनी ‘छाया’ (१९६१) या चित्रपटात तलत महमूद आणि लता मंगेशकर यांच्या द्वंद्वगीताचा मुखडा तिच्यावर बांधला आणि रेडिओनं ती घरोघर पोचवली. मूळ रचना १७८८ सालची. पण ती या धुनेनं सुरू होत नाही. आधी व्हायोला, म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोडी मोठी वाद्यं, वाजतात. दोन गटांत विभागलेले, दबक्या आवाजात, एकसारखे धावणारे सूर. खाली चेलो आणि डबल बास जेमतेम आधार देतात. हे सगळं एका बारपुरतं, म्हणजे तालाच्या एका छोट्या मापापुरतं. तेवढ्यात व्हायोलिनं ती प्रसिद्ध धून घेऊन येतात आणि बहुतेकांच्या कानांतून व्हायोला निघून जातात. ते वाजत मात्र राहतात. धुनेखालची ती अस्वस्थता त्यांचीच असते. ती काढून घेतली तर उरते एक गोड चाल, आणि मोझार्टला गोड चाल लिहायची नव्हती.

पुढच्या पानांतला विषय आहे चेंबर ऑर्केस्ट्रा, म्हणजे छोटा वाद्यवृंद, आणि त्यातही मुंबईसारख्या शहरातला, स्थानिक माणसांनी चालवलेला. त्याची ओळख करून देताना सुरुवात व्हायोलापासून केली, याचं कारण माझं एक ठाम मत आहे. एखाद्या शहराला स्वतःचा ऑर्केस्ट्रा आहे की नाही, हे त्या शहरात किती मोठं सभागृह आहे किंवा तिथं कोणते जगप्रसिद्ध कलाकार येऊन जातात यावरून ठरत नाही. दुसऱ्या रांगेतली व्हायोलिनं आणि व्हायोला वाजवणारी माणसं कुठे राहतात, यावरून ते ठरतं. एकल वादक पाहुणा म्हणून आणता येतो, कंडक्टरही आणता येतो. दर आठवड्याला तालमीला येणारा व्हायोलावादक मात्र लोकलनं येता येईल इतक्या अंतरावर राहावा लागतो.

आधी रचना समजून घेऊ. सिम्फनी ऑर्केस्ट्रात ऐंशी-शंभर वादक असतात. चेंबर ऑर्केस्ट्रा पंधरा ते चाळीस जणांत भागवतो. त्याचा कणा म्हणजे गजानं वाजणारी तंतुवाद्यं. पहिली व्हायोलिनं सहा, दुसरी पाच-सहा, व्हायोला चार, चेलो तीन, डबल बास एक किंवा दोन, असा साधारण हिशेब. रचनेची मागणी असेल तर दोन ओबो, दोन हॉर्न, एखादी बासरी, एखादं बसून. पितळी वाद्यांचा गडगडाट नसतो. कंडक्टर असलाच पाहिजे असंही नाही. पहिल्या व्हायोलिनांत अगदी पुढे बसलेला लीडर मान उचलतो, श्वास घेतो, आणि त्या श्वासावर वीस गज एकाच वेळी तारेवर पडतात. इतक्या कमी माणसांत लपायला जागा नसते. चार व्हायोलांतला एक जरी किंचित बेसूर झाला, तरी सभागृहातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ते पोचतं.

आपल्याला व्हायोलिन माहीत आहे ते वेगळ्या वाटेनं. गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग यांनी ते ख्यालाच्या अंगानं वाजवलं. प्रभाकर जोगांचं व्हायोलिन तर शब्दांसकट गायचं. ही परंपरा थोर आहे, आणि तिनं आपला कान एका सुराच्या मागे जायला तयार केला. चेंबर ऑर्केस्ट्रा ऐकताना त्याच कानाला जरा वेगळं काम द्यावं लागतं: वरच्या सुराबरोबर खालचा, मधला, असे तीन-चार सूर एकदम धरायचे. पहिल्यांदा ते जमत नाही, याची काळजी करू नये. एका मैफलीत फक्त चेलो ऐकावेत. पुढच्या मैफलीत फक्त दुसरी व्हायोलिनं. कान फार लवकर शिकतो.

मुंबईत हे संगीत रुजवणाऱ्यांत एक निर्वासित होता. कार्ल्सबाडमध्ये १९०७ साली जन्मलेला ज्यू संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ साली मुंबईत आला. जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन वर्ष झालं होतं. आल्यावर काही महिन्यांतच त्यानं बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली, आणि दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफली होऊ लागल्या. पियानोवर कॉफमन, व्हायोलिनवर तरुण मेहली मेहता, चेलोवर एदिजिओ वेर्गा हा मुंबईत स्थायिक झालेला इटालियन. पुढे कॉफमन ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. पहाटे केंद्र सुरू होताना तानपुऱ्यावर वाजणारी ती व्हायोलिनची धून, जिच्यात शिवरंजनीची छाया आहे, ती त्याचीच. आकाशवाणीची ती सुरावट ऐकत ज्यांची सकाळ झाली, अशा कोट्यवधी लोकांना तिच्या कर्त्याचं नाव ठाऊक नव्हतं. १९४६ साली त्यानं मुंबई सोडली. पुढे कॅनडात विनिपेग सिम्फनीचा कंडक्टर झाला, अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवू लागला, आणि १९६८ साली उत्तर हिंदुस्थानी रागांवर त्याचा मोठा ग्रंथ निघाला. मुंबईतली बारा वर्षं त्याच्या कामात शेवटपर्यंत राहिली.

मेहली मेहतांची गोष्ट अधिक परिचयाची आहे, पण ती सहसा झुबिन मेहतांचे वडील म्हणूनच सांगितली जाते. तो त्यांच्यावर अन्याय आहे. १९०८ साली मुंबईत जन्मलेल्या या पारशी व्हायोलिनवादकानं १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि १९४० साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. वादक आणायचे कुठून? हौशी पारशी, हॉटेलांतल्या बँडमध्ये रात्री वाजवणारे गोवेकर, नौदलाच्या बँडमधले फुंकवाद्यवाले, शहरात राहणारे युरोपीय. मेहता एकेकाला बसवून त्याचा भाग शिकवत. आज जिथं राष्ट्रीय आधुनिक कलादालन आहे, त्या कावसजी जहांगीर सभागृहात तेव्हा मैफली होत. पन्नाशीच्या दशकात मेहता मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात गेले, नंतर अमेरिकेत. लॉस एंजेलिसला १९६४ साली त्यांनी तरुण वादकांसाठी अमेरिकन यूथ सिम्फनी सुरू केली आणि तेहेतीस वर्षं चालवली. मुंबईत एकेकाला बसवून शिकवण्याची जी सवय लागली होती, तिचं फळ दुसऱ्या शहराला मिळालं. इथली घडी ते गेल्यावर विस्कटली. एका माणसाच्या खांद्यावर उभ्या असलेल्या ऑर्केस्ट्राचं असंच होतं.

मुंबईच्या तंतुवादकांचा खरा पुरवठा गोव्यातून झाला. गोव्यातल्या चर्चच्या गावशाळेत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना आधी सोल्फेज शिकवायचा, म्हणजे कागदावरचा सूर पाहून गळ्यानं म्हणायचा. मग हातात व्हायोलिन यायचं. नोव्हेना आणि लादाइन या प्रार्थना, गावचं फेस्त, या सगळ्यांत मुलगा वाजवत मोठा व्हायचा. पोटासाठी तो मुंबईत आला की धोबीतलावच्या आसपास आपल्या गावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या क्लबात, उतरायचा. १८६५ पासून चालत आलेलं फुर्ताडोंचं वाद्यांचं दुकान त्याच भागात. समोर ठेवलेला कागद पहिल्याच नजरेत वाजवणारी ही माणसं चित्रपटसृष्टीला हवीच होती. ताडदेवच्या आणि वांद्र्याच्या स्टुडिओंत हिंदी गाण्यांमागे जे व्हायोलिनांचे थवे ऐकू येतात, ते बहुतांशी यांचेच. आणि ते लिहिणारे सॅबेस्टियन डिसूझांसारखे अरेंजरही गोव्याचेच. पुढे त्या खुर्च्यांवर मराठी माणसंही दिसू लागली. अनिल मोहिले व्हायोलिन वाजवता वाजवता अरेंजर झाले.

यांतल्या कितीतरी जणांना दिवसभर वाजवलेल्या तुकड्यांवर समाधान नव्हतं. गाण्यात व्हायोलिनांना वीस सेकंदांची जागा मिळते. त्यांना पूर्ण रचना वाजवायची होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी त्यापुढचं स्वप्न पाहिलं: राग कागदावर उतरवायचे, त्यांना स्वरसंगती द्यायची आणि भारतीय वादकांच्या मोठ्या ऑर्केस्ट्राकडून ते वाजवून घ्यायचे. १९५८ साली त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराच्या वर वादक आणि गायला लता मंगेशकर व मन्ना डे. सारंग रागावर त्यांनी कॉन्चेर्टो लिहिला. पैसा स्वतःचा; आधार फारसा मिळाला नाही. १९६५ साली ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात त्यांचं नाव आलं, ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी वाहिलेल्या आदरामुळे. नाव देशभर झालं, पण त्या माणसाच्या रचना आज कुठल्याही ऑर्केस्ट्राच्या नेहमीच्या कार्यक्रमात नाहीत. मुंबईतल्या छोट्या वाद्यवृंदांनी ही चूक दुरुस्त करायला हवी, असं मला मनापासून वाटतं. आपल्या शहरात लिहिलेलं संगीत आपणच वाजवलं नाही, तर दुसरं कोण वाजवणार?

१९६२ साली बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा सुरू झाला. व्हायोलिनच्या शिक्षिका जिनी दिनशॉ यांनी तो उभा केला आणि वर्षानुवर्षं जपला. त्यांच्या कामातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऑर्केस्ट्रा आणि शिकवणी त्यांनी वेगळी मानली नाही. शिकणारी मुलं, शिक्षक, नोकरी सांभाळून वाजवणारे हौशी आणि स्टुडिओतले पट्टीचे वादक एकाच रांगेत. पंधरा वर्षांची मुलगी चाळीस वर्षं वाजवणाऱ्या माणसाच्या शेजारी, एकाच स्टँडवर. या शिक्षणाला दुसरा पर्याय नाही.

त्या स्टँडवर काय चालतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. दोन वादकांत कागद एकच. बाहेरच्या बाजूला बसणारा वाजवत राहतो, आतला पान उलटतो. म्हणजे पान संपताना त्या दोन बारांत एक व्हायोलिन कमी असतं, आणि ते कळू नये म्हणून बाहेरचा जरा भरून वाजवतो. प्रत्येक सुरावर पेन्सिलीच्या खुणा असतात. इंग्रजी व्ही अक्षरासारखी खूण म्हणजे गज वर ढकलायचा. चौकटीच्या वरच्या अर्ध्यासारखी खूण म्हणजे खाली ओढायचा. लीडर तालमीत गज बदलतो की सगळ्यांच्या पेन्सिली निघतात, आधीची खूण खोडली जाते, नवी येते. पेन्सिलच का? पुढच्या वेळी दुसरा लीडर असेल, त्याचं मत वेगळं असेल, म्हणून. जुन्या भागांवर अशा खुणांचे थर साचलेले असतात. कुठे ‘इकडे बघा’ म्हणून काढलेला चष्मा, कुठे घाईनं लिहिलेलं ‘थांबा’. कोणत्या जागी कोण अडखळत असे, हे त्या कागदांवरून कळतं.

मुंबईत याला पावसाळ्याची भर. लाकूड दमट हवेत फुगतं, खुंट्या अडकतात. मग वातानुकूलित सभागृहात गेलं की ते आकसतं आणि खुंट्या सुटतात. चेलोची शिवण उघडते. गजाचे केस ढिले पडतात, त्यांना लावलेलं रोझिन चिकट होतं. तालमीच्या खोलीपासून रंगमंचापर्यंतच्या तीस पावलांत सूर उतरलेला असतो. म्हणून ओबोचा ‘ए’ आल्यावर इथले वादक जास्त वेळ सूर लावत बसतात. श्रोत्यांनी त्या वेळी घाई करू नये.

आता वाजवतात काय, याकडे येऊ. चेंबर ऑर्केस्ट्राच्या संग्रहाबद्दल मला सगळ्यात भावणारी गोष्ट ही, की त्यातला कितीतरी भाग मुळात स्थानिक, बिगरनामांकित माणसांसाठीच लिहिला गेला. विवाल्दीनं आपले अनेक कॉन्चेर्टो व्हेनिसमधल्या ‘पिएता’ या अनाथालयातल्या मुलींसाठी लिहिले. इंग्रज संगीतकार एल्गार वूस्टरसारख्या छोट्या शहरात व्हायोलिन शिकवून पोट भरत होता आणि हौशी लोकांच्या गटांकडून वाजवून घेत होता, त्या काळातलं त्याचं तंतुवाद्यांचं ‘सेरेनेड’. ब्रिटन या संगीतकारानं १९३४ साली, विशीत, आपल्या लहानपणच्या वह्यांतल्या धुना घेऊन ‘सिंपल सिम्फनी’ रचली आणि ती पहिल्यांदा वाजवली नॉरिचमधल्या हौशी वादकांनी. तिच्या एका भागात कुणीही गज हातात घेत नाही, सगळे बोटांनी तारा छेडतात. लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर ही रचना जिथं असेल तिथं जावं.

गुस्ताव होल्स्टचा ‘सेंट पॉल्स सूट’ तर शाळेसाठीच आहे. लंडनमधल्या मुलींच्या शाळेत होल्स्ट १९०५ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९३४ पर्यंत, संगीतशिक्षक होता. तिथल्या मुलींच्या ऑर्केस्ट्रासाठी त्यानं हा सूट लिहिला. शेवटच्या भागात एक जुनी इंग्रजी लोकधून आधी एकटी वाजते, मग तिच्यावर दुसरी येते आणि दोन्ही एकाच वेळी वाजतात, एकमेकींना जराही धक्का न लावता. याच शिक्षकानं ऋग्वेदातल्या सूक्तांवर संगीत करायचं म्हणून संस्कृतचे धडे घेतले होते. महाभारतातल्या सावित्रीवर त्याची एक छोटी संगीतिका आहे. तिला बारा वादक पुरतात. मुंबईतल्या एखाद्या छोट्या वाद्यवृंदानं ती हाती घ्यावी, इतकी ती इथली आहे.

मोझार्टकडे परत जावंच लागतं. सोळाव्या वर्षी, १७७२ साली, त्यानं साल्झबुर्गमध्ये तंतुवाद्यांसाठी तीन डिव्हर्टिमेंटो लिहिले. प्रत्येक चेंबर ऑर्केस्ट्रा त्यांवर वाढतो. ते कागदावर सोपे दिसतात, आणि तिथंच फसगत होते. एवढ्या स्वच्छ संगीतात एखादा आळशी गज लगेच उघडा पडतो. १७८७ सालचं ‘आइने क्लाइने नाख्तम्युझिक’ सगळ्यांनी ऐकलेलं असतं, निदान मोबाइलच्या रिंगमधून तरी. ते प्रत्यक्ष ऐकताना सुरुवातीच्या सर्वांनी मिळून टाकलेल्या हाकेनंतर खाली लक्ष द्यावं. खालचे सूर षड्ज धरून ठेवतात, हलत नाहीत, आणि तो षड्ज स्थिर आहे म्हणून वरच्या व्हायोलिनांना उड्या मारता येतात. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला ही जागा समजावून सांगावी लागत नाही.

मोझार्टला स्वतःला घरगुती मैफलीत व्हायोला वाजवायला आवडायचं. १७७९ च्या ‘सिन्फोनिया कॉन्चेर्तांते’मध्ये त्यानं व्हायोलाला व्हायोलिनच्या बरोबरीनं पुढे उभं केलं आणि त्याचा आवाज झाकोळू नये म्हणून एक युक्ती केली: एकल व्हायोलाच्या तारा अर्ध्या सुरानं चढवायला सांगितल्या. तार ताणली की आवाज उजळतो. त्याआधी बाखनं तर १७२१ च्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोंतल्या सहाव्यात व्हायोलिनं पूर्ण वगळली आणि अख्खी रचना दोन व्हायोलांच्या हाती दिली. बार्टोकची रुमानियन लोकनृत्यं, ग्रीगचा ‘होल्बर्ग सूट’, द्वोर्झाक आणि चायकोव्स्की यांची सेरेनेड यांबद्दल पुढे स्वतंत्रपणे येईल. एवढंच सांगतो, की चायकोव्स्कीला खूप तंतुवाद्यं हवी होती, आणि बारा-पंधरा जणांनी ते सेरेनेड वाजवायला घेतलं की दमछाक होते. तरी घेतात, याचं मला कौतुक आहे.

२००६ साली राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएत, खुश्रू सुंतूक आणि कझाक व्हायोलिनवादक मारत बिसेन्गालिएव यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. त्यामुळे मुंबईच्या श्रोत्याची अपेक्षा वाढली, हे निर्विवाद. पूर्वी जे फक्त रेकॉर्डवर ऐकायचं ते समोर ऐकता येऊ लागलं. पण बहुसंख्य वादक परदेशांतून येतात आणि मोसम संपला की जातात. केंद्रालाही याची जाणीव आहे, म्हणूनच २०१२ पासून तिथं मुलांसाठी अकादमी चालते आणि काही परदेशी वादक वर्षभर राहून शिकवतात. पाहुण्यांच्या ऑर्केस्ट्राची तुलना हौशी चेंबर ऑर्केस्ट्राशी करून दुसऱ्याला नाक मुरडणारे श्रोते मला भेटतात. त्यांनी एवढा विचार करावा, की अकादमीतून बाहेर पडलेली मुलं वाजवणार कुठे? परीक्षा एकट्यानं देता येते. मुंबई-पुण्यात आणि गोव्यात दर वर्षी कितीतरी मुलं ट्रिनिटीच्या किंवा रॉयल स्कूल्सच्या परीक्षा देतात, त्यांत पियानोवाले सर्वांत जास्त. प्रमाणपत्र भिंतीवर लागतं आणि महाविद्यालय सुरू झालं की व्हायोलिन कपाटात जातं. त्या मुलाला दर आठवड्याला बोलावणारी, त्याच्या न येण्यानं अडणारी जागा शहरात असेल, तरच तो वाजवत राहील. अशी जागा म्हणजे स्थानिक चेंबर ऑर्केस्ट्रा.

स्टुडिओंनी ती जागा एके काळी पैशांसकट दिली होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून सिंथेसायझर आला, चाळीस व्हायोलिनांचं काम एका की-बोर्डवर होऊ लागलं, आणि वडिलांनी मुलाला व्हायोलिन शिकवण्याचं कारण संपलं. गोव्यातल्या मेस्तांच्या शाळाही आता पूर्वीसारख्या नाहीत. म्हणजे ज्या दोन झऱ्यांवर मुंबईचं हे संगीत पोसलं, ते दोन्ही आटले आहेत, आणि तिसरा आपल्यालाच खणायचा आहे.

म्हणून वाचकाला दोन विनंत्या. शहरातल्या छोट्या ऑर्केस्ट्राची मैफल असेल तेव्हा तिकीट काढून जा, फुकट पासाची वाट पाहू नका. सभागृहाचं भाडं आणि वाद्यवृंदाचे कागद त्याच पैशांतून येतात. आणि तुमच्या घरात कुणी चार-पाच वर्षं व्हायोलिन शिकलं असेल, तर त्याच्या शिक्षकांना व्हायोलाबद्दल विचारा. बोटं तीच, गज जवळपास तोच. वाद्य थोडं मोठं आणि कागदावरची किल्ली वेगळी, एवढाच फरक. व्हायोला वाजवणाऱ्याला आज कुठलाही चेंबर ऑर्केस्ट्रा नाही म्हणणार नाही.